केवलरामची उंची

वसुंधरा दाणीनं मापाची फीत तिसऱ्यांदा लावली. बासष्ट इंच.

तिनं हातातलं कार्ड पुन्हा वाचलं. केवलराम कापगते, खलाशी. नोकरीत भरती होतानाची उंची पाच फूट आठ इंच. म्हणजे अडुसष्ट.

"हात अजून जरा पसरा," ती म्हणाली. "बस, एवढंच. दुखतंय का?"

खाटेवरच्या माणसानं नुसती मान हलवली. बोलण्याइतका श्वास त्याच्याजवळ नव्हता. ओठ निळसर, गळ्याच्या शिरा ताठलेल्या. पाठीमागे तीन उशा दिल्या होत्या, तरी धाप थांबत नव्हती.

ज्याला उभं राहता येत नाही त्याची उंची अशीच घ्यायची असते. दोन्ही हात आडवे पसरायचे आणि या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत मोजायचं. एखाद-दोन इंच इकडेतिकडे होतात. सहा इंच होत नाहीत.

तिनं पेन्सिलीनं वहीत आकडा लिहिला आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

डिसेंबर १९६१. भिलाईत तेव्हा कारखान्याबरोबर कितीतरी बांधकाम कंपन्या नांदत होत्या. त्यांतल्या एका कंपनीचा हा दवाखाना. पत्र्याच्या चार बराकी, त्यातली शेवटची हृदय आणि फुफ्फुसांच्या रोग्यांची. आठ खाटा. वसुंधरा तिथं रोग्यांचा आहार बघायची. कोणाचं अंग किती झडलंय, कोणाला काय पचेल, काय द्यायचं, काय नाही, हे ठरवायचं आणि स्वयंपाकघराला चिठ्ठी पाठवायची. नागपूरला शिकून ती इथं आली त्याला दोन वर्षं झाली होती. रायपूरचं घर आई गेल्यावर भावाचं झालं होतं. तिच्या बराकीतल्या साऱ्या नर्स मल्याळी होत्या. त्या तिच्याशी हसून बोलत आणि पाठ फिरली की आपल्या भाषेत बोलू लागत. दिवसभर आठ जणांच्या जेवणाचा विचार करणारी वसुंधरा स्वतः स्टोव्हजवळ उभ्या उभ्या जेवायची. ताट वाढून घेण्यासारखं काही वाटायचं नाही.

केवलरामकडे तिचं लक्ष जास्त होतं, त्याचं कारण कदाचित हेच असावं. सात खाटांवर भेटीच्या वेळी माणसं मावत नसत. याच्या खाटेजवळ आठवड्यातून एकच माणूस यायचा.

*

डॉक्टर पेंढारकरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"सहा इंच? भरतीच्या वेळी कारकुनानं चुकीचं लिहिलं असेल."

"असेल. पण वजनही आहे. कार्डावर एकशे बत्तीस पौंड. आज एकशे चार."

"मग बरोबर आहे. अठ्ठावीस पौंड घटलाय. म्हणून तर मी म्हणतो, दूध वाढवा, अंडी वाढवा. भरपूर खाऊ घाला त्याला."

"डॉक्टर, या एकशे चारमधले बारा-चौदा पौंड नुसतं पाणी आहे. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. दंड मोजला मी. साडेसात इंच. कातडी चिमटीत धरली तर खाली काहीच लागत नाही. काटा सांगतो त्याहून माणूस कितीतरी वाळलाय."

"मग वाढवा म्हणतो तेच."

"अडुसष्ट इंचांच्या माणसाचं वाढवायचं, की बासष्ट इंचांच्या? उंच माणसाच्या हिशेबानं या शरीरात अन्न-पाणी ओतलं तर याचं हृदय ते ओढणार नाही. मला आधी कळायला हवं, हे शरीर किती मोठं होतं."

 पेंढारकरांनी टेबलावरचा एक्स-रे उचलून उजेडासमोर धरला.

"एक गोष्ट मलाही खटकते. ही फुफ्फुसं दगड फोडणाऱ्याची आहेत. धूळच धूळ. त्यानंच हृदयावर ताण आलाय. आणि कार्डावर लिहिलंय खलाशी. दोरखंड ओढणारा, गर्डर चढवणारा माणूस."

"आधी कुठं होता, ते लिहिलंय?"

"घरून थेट इथं. शेतकरी."

वसुंधरानं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. भरतीच्या कार्डावर गोलसर अक्षरात सही होती: के. कापगते. दवाखान्याच्या फॉर्मवर अंगठा होता. फॉर्म दुसऱ्याच कोणीतरी भरला होता, उजवीकडे झुकलेल्या टोकदार अक्षरात.

"धाप लागलेला माणूस सही काय करणार?" डॉक्टर म्हणाले.

"हो," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिनं कार्डावरच्या पत्त्यावर पत्र टाकलं. साकोलीजवळचं गाव, मनकर्णा केवलराम कापगते हिला. प्रश्न साधेच होते. आजारापूर्वी हे काय खात? भूक कशी होती? वजन कधी केलं होतं का? अंगानं कसे होते? रोगी बोलू शकत नसला की घरच्यांनाच विचारावं लागतं.

*

रविवारी चार वाजता भय्याजी मुकादम आला. पन्नाशीचा, गळ्यात मफलर, हातात कापडी पिशवी. आल्या आल्या खाटेच्या कडेला बसला आणि रोग्याचे सुजलेले पाय हळूहळू चेपू लागला. रोग्याचे डोळे त्याला पाहून ओले झाले.

वसुंधरा वही घेऊन जवळ गेली.

"तुम्ही यांचे कोण?"

"मुकादम हाव जी. माह्या गँगचा मानूस हाय. इथं त्याले दुसरं कोन हाय?"

"आजारी कधीपासून?"

"दिवाळीपासून. एकदम दम भरला. मीच रिक्शात टाकून आनला."

"त्याआधी जेवण कसं होतं?"

"काय सांगू बाई! दोन मानसाचं एकटा खाये. धट्टाकट्टा गडी होता."

"उंच होते?"

भय्याजीचे हात क्षणभर थांबले. मग तो हसला.

"बिमारीत मानूस आटते, बाई."

"घरी कळवलंत?"

"कार्ड टाकलं ना. धान कापनी चालू हाय, येनं जमत नाई मनते बायको."

"यांना मीठ वर्ज्य आहे, ते सांगितलंय तुम्हाला?"

"डॉक्टरसाहेबानं पैल्याच दिवशी सांगतलं. मिठाचा कन नाई. मी तं कोरडी पोळी आनतो, तेबी यानं मांगतली तं."

वसुंधरानं मान डोलावली आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

सोमवारी सकाळी केवलरामला खुर्चीच्या काट्यावर बसवलं. एकशे सात पौंड. शनिवारी एकशे चार होते.

एका माणसाच्या अंगावर दोन दिवसांत तीन पौंड मांस चढत नाही. तिनं तक्ता मागे चाळला. गेल्या सोमवारी तीन पौंड वर. त्याच्या आधीच्या सोमवारी अडीच. आठवडाभर इंजेक्शनानं पाणी उतरायचं, आणि सोमवारी पुन्हा चढायचं. प्रत्येक सोमवारी. स्वयंपाकघरातून अळणीच जेवण येत होतं. ती स्वतः चाखून पाठवत होती.

पलंगपोस बदलायच्या निमित्तानं तिनं उशा उचलल्या. तिसऱ्या उशीच्या अभ्र्यात पत्र्याचा लहानसा डबा होता. आत खारोड्या. तिनं एक तुकडा जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. नुसतं मीठ.

"हे कोणी आणलं?"

रोगी पत्र्याच्या छताकडे पाहू लागला.

"भय्याजींनी?"

"त्याइले... काई मनू नका, बाई." तो प्रत्येक शब्दाला थांबत होता. "तेच एक... येते."

"मीठ तुम्हाला विष आहे. सांगितलं नाही त्यांनी?"

"त्याइनं मनलं... अळनी खाऊन मानूस मरते. हे खात जाय... ताकद येईन."

वसुंधरा खाटेजवळ वाकली. "तुमचं नाव काय?"



"केवलराम," तो म्हणाला. पण ते त्यानं पाठ केलेलं म्हणावं तसं म्हटलं. तिनं पुढं विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांत भीती होती, आणि घाबरलेल्या हृदयाला अजून घाबरवण्यात अर्थ नव्हता. तिनं डबा पदराआड घेतला, खारोड्या काढून डॉक्टरांच्या कपाटात ठेवल्या आणि रिकामा डबा होता तिथं परत सारला.

*

मंगळवारी दुपारची सुट्टी घेऊन ती खुर्सीपारच्या मजूरवस्तीत गेली. कार्डावर खोलीचा पत्ता होता. विटांच्या दोन भिंती, दोन तट्ट्यांच्या, दाराला कुलूप. समोर एक बाई मुरमुरे-फुटाण्याचं दुकान मांडून बसली होती. शेवंता तिचं नाव. तिनं वसुंधराला पोत्यावर बसवलं आणि न विचारता चहा ठेवला.

"केवलराम कापगते इथंच राहतात ना?"

"राहे. आता दवाखान्यात हाय मनते. मले तं नवल वाटलं, माय. एवढा उंचपुरा गडी, दरवाज्यातून वाकून जाये. एक दिवस खोकलतानी नाई पायला मी त्याले."

"एकटेच राहत होते?"

"नाई ना. रामाजी होता संगं. तो मेला बिचारा दिवाळीत."

"कशानं?"

"दमच होता त्याले. कई वर्स नंदिनी खदानीच्या वाटेवर गिट्टी फोडली त्यानं. मंग इथं रोजीवर माती उचले. चार पावलं चालला का बसे. केवलरामच त्याचं पानी भरे, भाकर बी तोच टाके."

"गेला तेव्हा तुम्ही पाहिलंत?"

"तोंड नाई पायलं. भय्याजीच्या खोलीवर गेला मनते. गुंडाळूनच आनला होता. दिवाळीचे दिवस, सारी गल्ली गावाले गेल्ती. खांदेकरी बी भय्याजीनं कुठून कुठून आनले. शिवनाथ नदीवर नेऊन जाळला."

"आणि केवलराम? ते नव्हते खांद्याला?"

शेवंता विचारात पडली. "नाई. भय्याजी मने, त्याच दिवशी केवलरामले दवाखान्यात भरती केलं."

"अजून काही आठवतं का? काही वेगळं वाटलं?"

"काय वेगळं? हो, तिरडी आखूड पडली होती. पाय बाहेर येऊन राहिले होते. मी मनलं, बाप्पा, मेल्यावर मानूस लांबते का काय!"

वसुंधरानं कप खाली ठेवला.

"रामाजी केवढा होता?"

शेवंता उठून उभी राहिली आणि तिनं आपल्या कपाळाला हात लावला. "हा एवढा."

"त्याचं कोणी नातेवाईक?"

"कोनी नाई. गावाचं नाव बी नाई सांगे. मी त्या दिवशी दुकान नाई उघडलं. कोनीतरी काई तं करा लागते ना मानसासाठी."

परतताना वसुंधरा मैलभर पायीच चालली. भट्ट्यांच्या बाजूचं आकाश दुपारीही तांबूस होतं. हजारो माणसं कुठून कुठून येऊन इथं कामाला लागली होती. एखादा नाहीसा झाला तर ते कुणाला कळणार, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. मी नाहीशी झाले तर?

*

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मनकर्णा आली. तिशीची, उन्हानं रापलेली, हातात गाठोडं. वसुंधराचं पत्र तिनं घडी करून कनवटीला लावलं होतं.

"तुमचं पत्तर आलं तवा मले समजलं का हे दवाखान्यात हायत," ती म्हणाली. "मले तं दोन कार्डं आले होते. तब्येत जरा नरम हाय, येऊ नको, मनून."

"कार्डं आणलीत?"

तिनं गाठोड्यातून काढून दिली. उजवीकडे झुकलेलं टोकदार अक्षर.

"हे त्यांचं अक्षर?"

"नाई. त्याइचं गोल हाय. मी चवथी शिकली, मले वळखू येते. मले वाटलं, हात दुखत असन तं दुसऱ्याकडून लिवलं."

वसुंधरानं तिला वॉर्डच्या दारापर्यंत नेलं. तिसऱ्या खाटेकडे बोट केलं. रोगी डोळे मिटून बसला होता. मनकर्णा उंबऱ्याशी थांबली. तिनं एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पदर तोंडाशी धरला.

"हे माह्या घरचे नाई," ती म्हणाली. "माह्ये घरचे कुठं हायत?"

वसुंधरानं तिला आपल्या खोलीवर नेलं, पाणी दिलं, आणि जे वाटत होतं ते सांगितलं. सांगताना तिनं तिचा हात धरून ठेवला होता. बऱ्याच वेळानं दोघी उठल्या आणि ठाण्यात गेल्या. ठाणेदारानं आधी ऐकून घेतलं, मग हसला, मग दिवाळीच्या आठवड्याचं मृत्यूंचं रजिस्टर मागवलं. त्यानंतर तो हसला नाही.

*

रविवारी चार वाजता भय्याजी वॉर्डाकडे वळला, तेव्हा कंपाउंडरनं त्याला डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. आत पेंढारकर होते, ठाणेदार होता, वसुंधरा होती. कोपऱ्यात एक बाई डोक्यावरून पदर ओढून बसली होती.

"पिशवी ठेवा टेबलावर," ठाणेदार म्हणाला. "डबा उघडा."

"खाण्याचं हाय जी थोडं. बिमार मानसासाठी."

डॉक्टरांनी एक खारोडी मोडली, चाखली आणि थुंकली. "मिठाचा कण देऊ नका, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्हीच या बाईंना तसं म्हणालात."

"चुकलं साहेब. त्याले आवडते, मनून..."

"बाई, तुम्ही सांगा," ठाणेदार म्हणाला.

वसुंधरानं वही उघडली. बघायची गरज नव्हती, पण हाताला काहीतरी हवं होतं.

"आजारात माणसाचं मांस झडतं. पाणी साचलं की वजन वाढतंसुद्धा. म्हणून वजनावर मी एकदम विश्वास ठेवत नाही. पण हाडं आखूड होत नाहीत. कार्डावरचा केवलराम अडुसष्ट इंचांचा. खाटेवरचा माणूस बासष्ट इंचांचा. केवलराम सही करायचा, हा अंगठा देतो. केवलराम शेतावरून थेट इथं आला, याच्या फुफ्फुसांत दगडाची धूळ आहे. मग हा कोण? खुर्सीपारला केवलरामच्या खोलीत दुसरा एक जण राहायचा. बुटका, दम लागणारा, गिट्टी फोडलेला. रामाजी. पण रामाजी तर दिवाळीत मेला, त्याला तुम्ही जाळलंत."

"जाळला ना! साऱ्या गल्लीनं पायला."

"गल्लीनं गुंडाळलेलं प्रेत पाहिलं. पाय तिरडीबाहेर आले होते. रामाजीच्या मापाची तिरडी बांधली होती तुम्ही, म्हणजे कुणी काही विचारणार नाही. पण तिच्यावर झोपवलेला माणूस सहा इंच जास्त लांब होता."

भय्याजीनं मफलर सैल केला.

"बाई, तुमी मानसं मोजता का कापड?"

"दोघंही मेले असते तर मोजायला कोणी उरलं नसतं," वसुंधरा म्हणाली. "रोजीवरचा, मागेपुढे कोणी नसलेला माणूस दम लागून मेला, तर चौकशी होत नाही. कायम नोकरीतला, बायको असलेला खलाशी अचानक मेला तर होते. म्हणून तुम्ही नावांची अदलाबदल केलीत. मेलेल्याला रामाजीचं नाव दिलं. जिवंत रामाजीला केवलरामचं कार्ड देऊन इथं आणलंत. त्याचं हृदय असंही थकलेलं. तो इथं मेला असता, तर डॉक्टरांनी केवलराम कापगते हृदयविकारानं गेला असं लिहून दिलं असतं. घरी तुम्ही तिसरं कार्ड टाकलं असतं. पण तो मरत नव्हता. इंजेक्शनांनी त्याला बरं वाटायला लागलं होतं. म्हणून दर रविवारी खारोड्या. दर सोमवारी तीन पौंड पाणी."

ठाणेदारानं टेबलावर तीन कागद मांडले. दवाखान्याचा फॉर्म, मनकर्णाचं कार्ड, ठाण्यात दिलेली रामाजीच्या मृत्यूची खबर. तिन्हींचं अक्षर एकच होतं.

"केवलराम कशानं मेला?" त्यानं विचारलं.

"मले नाई मालूम."

कोपऱ्यातली बाई उठली. तिनं पदर मागे केला.

"मी मनकर्णा हाव," ती म्हणाली. "तुमी मले दोन कार्डं लिवले. आता तोंडानं सांगा. त्याइले कुठं जाळलं?"

भय्याजी तिच्याकडे बघत राहिला. मग तो स्टुलावर बसला.

"दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट," तो म्हणाला. "काम बंद होतं. पायव्याच्या गड्ड्यात पानी भरलं होतं, पंप आत राहून गेल्ता. लाकडाचे टेके लावल्याबिगर कोनाले उतरवू नका, मनून इंजिनिअरसाहेबाची सक्त ताकीद होती. मी मनलं, दहा मिनिटाचं काम हाय. केवलराम नाई मने. मीच धमकावलं त्याले. उतरला, अन् भितच खाली आली." त्यानं आपले दोन्ही हात समोर धरले. "या हातानं माती काढली बाई मी. एकट्यानं. तोंडापावतर आलो तवा काई नव्हतं उरलं."

"आणि रामाजी?" डॉक्टरांनी विचारलं. "त्यानं तुमचं काय केलं होतं?"

"काई नाई. तो बरा होऊन बाहेर आला असता तं? कागदावर तं तो मेला होता." त्यानं टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. "पैल्या रविवारी मी खरंच त्याले भेटाले आलो होतो."

 ठाणेदारानं हवालदाराला हाक मारली.

*

हे सगळं रामाजीला सांगायचं काम वसुंधरावर आलं. डॉक्टर शेजारी नाडी धरून उभे होते. तिनं थोडं थोडं सांगितलं. तुम्हाला इथून कोणी काढणार नाही, हे सगळ्यात आधी.

"तुम्हाला काय सांगून आणलं होतं भय्याजींनी?"

"मनले... केवलराम गावाले गेला. त्यानंच सांगतलं... माह्या कार्डावर याले भरती करा." रामाजीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "मी मनलं, तो हायच तसा. आपलं नाव देऊन गेला. मनून मी... कोनाले नाई बोललो. त्याची नौकरी जाईन, मनून."

तो दम घेत राहिला. मग त्यानं विचारलं, "मंग मले जाळलं... तवा कोनी रडलं का?"

वसुंधराला खोटं बोलता आलं असतं.

"रडलेलं मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण शेवंतानं त्या दिवशी दुकान उघडलं नाही."

"शेवंतानं?" तो म्हणाला. त्याला ते पुरेसं असावं, किंवा खरं वाटत नसावं. त्यानं डोळे मिटून घेतले.

त्या आठवड्यात त्याच्या नावाचं कार्ड झालं. कंपनीनं कुरकुर केली. साक्षीदार जिवंत राहिला पाहिजे, असं ठाणेदारानं लिहून दिलं, मग खाट राहिली. मीठ थांबलं तसं पाणी उतरलं. काटा सत्त्याऐंशीवर आला. पाणी गेल्यावर उरलेला खरा रामाजी तेवढाच होता. वसुंधरानं त्याच्या मापानं, बासष्ट इंचांच्या माणसाच्या हिशेबानं, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्यायला सुरुवात केली. संक्रांतीपर्यंत दंडावर पाव इंच चढलं. तो पूर्ण बरा होणार नव्हता. हे त्याला ठाऊक होतं, तिलाही.

गावी जायच्या आदल्या दिवशी मनकर्णा वॉर्डात आली. सकाळी ती शेवंताला घेऊन शिवनाथच्या काठी जाऊन आली होती. ती रामाजीच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसली.  मग ती एकदम बोलली.

"दिवाळीले येतो मनले होते. मी अनारसे केले होते. रात झाली, आले नाई. मंग दोन दिवस वाट पायली अन् मले राग आला. लई राग आला. मनात त्याइले नाई नाई ते बोलली मी. तवा ते..." तिला पुढं बोलता आलं नाही.

रामाजी उशांवरून थोडा पुढं आला. वसुंधरा औषधाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं पाहिलं, त्याचे ओठ पुन्हा निळे पडायला लागले होते.

"माह्यामुळं," तो म्हणाला. "वहिनी, माह्यामुळं नाई आला तो. त्यानं पिशवी भरली होती. तुमच्यासाठी लुगडं घेतलं होतं, हिरवं. सकाळी मले दम लागला. मी मनलं, तू जाय. तो मने, तुले असा टाकून कसा जाऊ? मनकर्णा समजून घेईन. उद्याच्या गाडीनं जातो." तो थांबला. छाती भात्यासारखी हलत होती. "अन् दुसऱ्या दिवशी भय्याजीनं त्याले कामावर बलावलं."

मनकर्णा त्याच्याकडे बघत राहिली. वसुंधराला वाटलं, ती आता उठून जाईल.

"समजून घेईन, असं मनले?" तिनं विचारलं.

"हो. तसंच मनला."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं.

"अजून काय काय मने ते? इथं असतानी?"

रामाजीनं जास्त बोलू नये, असं डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं. वसुंधरानं ट्रे खाली ठेवला, ऑक्सिजनची नळी त्याच्या नाकाजवळ सरळ केली, आणि स्वतःसाठीही एक स्टूल ओढून घेतलं. रामाजी एकेका शब्दाला थांबत, दम खात, केवलरामबद्दल सांगत राहिला.